सोंग घ्या, पण सांगून घ्या!

गेल्या पंधरवड्यात एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास कार्यालयात आला. वृत्तपत्राच्या धंद्यात पडण्यापूर्वी काही वर्षे आम्ही मास्तरकी केली; त्या काळातील हा मुलगा. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने म्हाताऱ्याचे काम असे वठवले होते की, पुढच्या रांगेत बसलेल्या त्याच्या आजोबांना डोळ्यांतले पाणी आवरले नव्हते. आता त्याने तिशी ओलांडली आहे. एकांकिका स्पर्धांतील चार ढाली, राज्य नाट्य स्पर्धेतील अभिनयाची दोन प्रमाणपत्रे, मालिकांतून ‘साहेब, बाहेर कोणी भेटायला आले आहे’ एवढेच वाक्य बोलणारे आठ-दहा शिपाई, आणि अंधेरीच्या एका खोलीत तिघांचा मिळून संसार, असा त्याचा दहा वर्षांचा ताळेबंद आहे. त्याच्या हातात एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा इंग्रजी करारनामा होता. पाने छत्तीस. सही करून परत देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. ‘‘सर, एवढे वाचून सांगता का? मी नक्की कशाला हो म्हणतो आहे, तेच मला कळत नाही,’’ असे तो म्हणाला.

आम्ही वाचले. चित्रित झालेल्या प्रसंगांची हवी तशी काटछाट करण्याचा, त्यांचा क्रम बदलण्याचा आणि त्यांतून स्पर्धकाची हवी ती प्रतिमा उभी करण्याचा हक्क निर्मात्याकडे होता. त्याबद्दल अब्रूनुकसानीची फिर्याद करणार नाही, असे वचन स्पर्धकाकडून होते. आत घडलेले बाहेर बोलल्यास जबर दंड होता. पण आम्ही थबकलो ते निराळ्याच जागी. सोबतच्या माहितीपत्रकात ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याने ‘नट’ असे लिहिले होते. ते कोणीतरी पेन्सिलीने खोडून वर ‘शिकवण्या घेणारा कष्टाळू तरुण’ असे सुचवले होते. शिकवण्या तो घेतो, हे खरे आहे. खोलीचे भाडे त्यांतूनच निघते. तेव्हा वाक्य खोटे नव्हते. त्या वाक्याने प्रेक्षकांपुढे जे चित्र उभे राहणार होते, ते मात्र निखालस खोटे होते.

हा विषय अग्रलेखाचा, आणि तोही पहिल्या पानावरच्या अग्रलेखाचा, आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. महागाई, पाणीटंचाई आणि निवडणुका सोडून संपादकांना नटांची चिंता कशाला? याचे उत्तर सरळ आहे. रात्री जेवणाच्या वेळी महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत जी माणसे ‘तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसे’ म्हणून येऊन बसतात, ती कोण आहेत हे जाणण्याचा त्या घरांना अधिकार आहे. आणि ती माणसे तेथे कोणत्या अटींवर आणली जातात, हे विचारण्याचे काम वृत्तपत्राचे आहे. ते दुसऱ्या कोणी केलेले आम्हांस तरी दिसले नाही.

सोंग हा शब्द मराठी माणसाला परका नाही आणि लाजिरवाणाही नाही. कोकणातील दशावतार, देवळातील लळित, तमाशातला वग यांवर आपला समाज पोसला आहे. जुन्या पिढीच्या वाचकांना दारावर येणारा बहुरूपी आठवत असेल. तो फौजदाराच्या वेषात येई, घरधन्याला दरडावून कसलेसे वॉरंट पुढे करी. पोरे भेदरून आईच्या पदराआड दडत. मग तोच फौजदार हसत हात पसरी आणि घरधनीही आपण फसलो असे हसत कबूल करून सूपभर धान्य त्याच्या झोळीत टाकी. त्या व्यवहारात फसगत होती; लबाडी नव्हती. कारण अखेरीस मुखवटा उतरत असे, आणि मिळालेली बिदागी सोंगाची म्हणूनच मिळत असे. आम्हांस आज जे सांगावयाचे आहे, त्याचे सारे सार या बहुरूप्याच्या सचोटीत आहे.

होतकरू नटांनी खेळांच्या आणि स्पर्धांच्या कार्यक्रमांत उतरण्याची चाल आपल्याकडे निघालेली नाही. ती अमेरिकेत रुळली, आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. लॉस एंजेलिस शहरात असले कार्यक्रम चित्रित होत. काम शोधणारे नटही त्याच शहरात राहात. त्यांच्या दुपारी रिकाम्या असत, कॅमेऱ्यापुढे बोलण्याची भीड चेपलेली असे आणि खिसा हलका असे. 1965 साली सुरू झालेल्या ‘द डेटिंग गेम’ या कार्यक्रमात आडोशापलीकडे बसलेल्या तिघा तरुणांना प्रश्न विचारून तरुणीने त्यांतील एकाची निवड करावयाची असे. पुढे ‘मॅग्नम, पी. आय.’ या मालिकेमुळे घरोघरी पोचलेला टॉम सेलेक या खेळात दोनदा बसला आणि दोन्ही वेळा नापसंत ठरला. फारा फॉसेट ही अभिनेत्री याच कार्यक्रमात नाव होण्यापूर्वी दिसली. 2000 साली ‘द प्राइस इज राइट’ या, वस्तूंच्या किमती ओळखण्याच्या खेळात एक पोरगेला तरुण आनंदाने अक्षरशः उड्या मारीत पुढे आला आणि त्याचा अंदाज अवघ्या 132 डॉलरांनी वर गेल्यामुळे अखेरचे बक्षीस गमावून बसला. तोच अ‍ॅरन पॉल 2008 पासून ‘ब्रेकिंग बॅड’ मालिकेतील भूमिकेने जगभर ओळखला जाऊ लागला. या मंडळींनी कोणाचे काही बिघडवले, असे आम्हांस वाटत नाही. खेळ तासाभराचा, हरले तर घरी गेले. त्यांच्या आयुष्यातील एक गमतीची आठवण, एवढेच त्याचे मोल.

आपल्याकडे 2003 नंतर ‘रोडीज’ आणि 2006 नंतर ‘बिग बॉस’ आले. दुसऱ्याचा मूळ साचा 1999 सालच्या हॉलंडमधील ‘बिग ब्रदर’चा, मराठीत तो 2018 साली अवतरला. येथे मामला तासाभराचा राहिला नाही. माणसाला घरादारापासून तोडून, घड्याळ आणि वर्तमानपत्र यांवाचून, आठवडेच्या आठवडे डझनावारी कॅमेऱ्यांखाली ठेवावयाचे आणि चोवीस तासांतून तासाभराचे नाटक कापून काढावयाचे, अशी ही रीत आहे. लेखकाला द्यावयाचा पैसा वाचतो, नटाला द्यावयाचा पुष्कळसा वाचतो, आणि संवाद मात्र फुकट मिळतात. वाहिन्यांना हा धंदा का परवडतो, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

या वाटेने कोणाचे भलेच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आयुष्मान खुराना 2004 साली ‘रोडीज’ जिंकला. पण त्याचा ‘विकी डोनर’ हा चित्रपट आला 2012 साली. मधल्या आठ वर्षांत त्याने आकाशवाणीच्या खासगी केंद्रावर निवेदन केले, दूरचित्रवाणीवर सूत्रसंचालन केले. रंगभूमीवरची उमेदवारी त्याने चंदिगडच्या महाविद्यालयातच केली होती. अमरावतीचा शिव ठाकरे 2017 साली ‘रोडीज’मध्ये होता, 2019 साली मराठी ‘बिग बॉस’ जिंकला आणि पुढे हिंदी ‘बिग बॉस’मध्ये उपविजेता झाला. बारामती तालुक्यातील गरीब घरचा सूरज चव्हाण 2024 साली विजयी झाला आणि 2025 मध्ये केदार शिंदे यांच्या ‘झापुक झुपूक’ या चित्रपटाचा नायक झाला. ज्या पोराला कोणत्याही नाट्यशाळेने दारात उभे केले नसते, त्याला जनतेने मते देऊन उचलून धरले, ही गोष्ट नाक मुरडून झटकून टाकण्यासारखी नाही. पुण्यामुंबईच्या नाट्यवर्तुळांनी तिचा शांतपणे विचार केला पाहिजे.

नाक मुरडणाऱ्यांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. संगीत नाटकाच्या काळात घरातून पळून जाऊन नाटक कंपनीत शिरणारा मुलगा ‘बिघडला’ असे आपल्याच पांढरपेशा आजोबा-पणजोबांनी म्हटले होते. त्याच मुलांच्या तसबिरी आज आपण नाट्यगृहांत लावतो. 1965 साली ‘युनायटेड प्रोड्यूसर्स’ आणि ‘फिल्मफेअर’ यांनी नव्या चेहऱ्यांसाठी स्पर्धा घेतली, तिच्यातून राजेश खन्ना पुढे आला. तेव्हा स्पर्धेतून नट निवडणे यात गैर काहीच नाही. मात्र त्या स्पर्धेने स्वतःला अभिनयाची स्पर्धा म्हटले होते. उमेदवारही ‘आम्ही नट होऊ इच्छितो’ असे उघडपणे सांगून तेथे उभे होते. आजच्या कार्यक्रमांशी आमचा तंटा आहे तो येथेच.

पहिला अपराध होतो तो प्रेक्षकाचा. याचा धडा अमेरिकेने फार पूर्वी घेतला आहे. 1956 साली ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेंपेल नावाचा स्पर्धक आठवडेच्या आठवडे जिंकत होता. त्याला उत्तरे आधी दिली जात होती. इतकेच काय, केस कसे कापावयाचे, कोणता जुनाट कोट घालावयाचा, काचेच्या खोलीत कपाळाचा घाम कसा पुसावयाचा, हेही शिकवले जात होते. पुढे कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या प्राध्यापकासाठी त्याला ठरवून हरावयास लावले. ज्या प्रश्नावर त्याने चूक करावयाची होती, त्याचे उत्तर त्याला ठाऊक होते. 2 नोव्हेंबर 1959 रोजी व्हॅन डोरेनने संसदेच्या उपसमितीपुढे सारे कबूल केले, आणि 1960 साली प्रेक्षकांना फसवण्याच्या हेतूने ज्ञानाच्या व कौशल्याच्या स्पर्धा आधी ठरवून खेळणे हा तेथे कायद्याने गुन्हा ठरला. त्या प्रकरणात साध्या माणसांकडून नटाचे काम करून घेतले, आणि तसे सांगितले नाही. आज नटाकडून साध्या माणसाचे काम करून घेतात, आणि तसे सांगत नाहीत. नाणे तेच आहे. बाजू तेवढी उलटली आहे.

यावर वाहिन्यांचे ठरलेले उत्तर आहे: ‘प्रेक्षक काही दूधखुळा नाही, हे सारे नाटक आहे हे तो जाणतो.’ आम्ही नम्रपणे विचारतो, तो जाणतोच, तर मग ‘नट’ हा तीन अक्षरांचाही नसलेला शब्द खोडण्याचे श्रम कशासाठी? ज्या गोष्टीने कोणी फसत नाही, ती लपवण्यासाठी कोणी पेन्सिल झिजवीत नाही. शिवाय ज्या माउलीने त्या ‘कष्टाळू शिकवणीवाल्या’साठी भ्रमणध्वनीवरून मत दिले, तिने ते नाटकाला दिलेले नसते. आपल्या गल्लीतील एखाद्या गरजू मुलाला हात द्यावा, तसे तिने ते दिलेले असते. दयेची अशी फसवणूक वरचेवर होऊ लागली, की खऱ्या गरजूकडेही समाज संशयाने पाहू लागतो. हे नुकसान कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, म्हणून ते लहान ठरत नाही.

दुसरा अपराध होतो तो नटाचा स्वतःचा. आणि आमच्या मते तो अधिक गंभीर आहे. रंगभूमीवरच्या खलनायकाला प्रेक्षक शिव्या देतात, तेव्हा त्या शिव्या भूमिकेला लागतात. पडदा पडला की नट रंग पुसतो, कपडे बदलतो आणि एक कप चहा घेऊन लोकलने घरी जातो. भूमिका आणि माणूस यांच्यामध्ये जी पातळशी भिंत असते, तीच नटाचे घर असते. या कार्यक्रमांनी ती भिंत पाडली आहे. येथे त्याला भूमिका नाही, संहिता नाही, दिग्दर्शकाचे संरक्षण नाही. तरी त्याला भांडावे लागते, रडावे लागते, प्रेमात पडल्यासारखे करावे लागते; आणि हे सारे स्वतःच्या खऱ्या नावाने करावे लागते. जी निंदा होते, ती त्याच्या नावाची होते, त्याच्या आईबापांपर्यंत जाते, आणि कार्यक्रम संपल्यावरही संपत नाही. रंग लावलाच नव्हता, तर पुसणार काय? पुढे एखाद्या दिग्दर्शकाकडे तो काम मागावयास गेला, तर तेथेही ‘तो भांडकुदळ ना?’ हा शिक्का त्याच्या आधी पोचलेला असतो. नट म्हणून ओळख व्हावी यासाठी तो आत गेला. बाहेर आला तो नट ही ओळख सोडून बाकी सर्व ओळखी घेऊन.

इतर देशांत या प्रश्नाची दखल घेतली जाऊ लागली आहे. ब्रिटनमध्ये ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने कार्यक्रमांत भाग घेणाऱ्या सामान्य व्यक्तींच्या मानसिक स्वास्थ्याची काळजी घेण्याचे नियम एप्रिल 2021 पासून लागू केले. अमेरिकेत ‘लव्ह इज ब्लाइंड’ या कार्यक्रमातील एका स्पर्धकाने 2022 साली कामाचे तास आणि मोबदला यांबद्दल दावा गुदरला. आणि डिसेंबर 2024 मध्ये तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाने आपल्या तक्रारपत्रात असे स्पर्धक हे कर्मचारीच होत, अशी भूमिका घेतली. आपल्याकडे 1981 च्या सिने कामगार कायद्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तीत दृक्श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत मालिकांबरोबर रिअ‍ॅलिटी शोचाही समावेश आहे, आणि दृक्श्राव्य कामगारास लेखी करारावाचून कामाला लावता येणार नाही, असे ती सांगते. आता त्या कार्यक्रमाचा छायाचित्रकार कामगार, दिवे धरणारा कामगार, आणि ज्याच्या जिवावर सारा खेळ उभा आहे तो स्पर्धक मात्र पाहुणा, हे तर्कट सरकारला मान्य आहे काय? कामगार खात्याने याचा निःसंदिग्ध शब्दांत खुलासा केला पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि कोणाचा धंदा बुडवणाऱ्या नाहीत. पहिली ही की, जो स्पर्धक व्यवसायाने नट, नर्तक वा निवेदक आहे, त्याचा तसा उल्लेख पडद्यावर त्याच्या नावाखाली झाला पाहिजे. दुसरी ही की, मराठी कार्यक्रमाचा करार मराठीत असावा, तो वाचून सल्ला घेण्यास किमान पंधरा दिवस मिळावेत आणि त्याची प्रत स्पर्धकाच्या हाती राहावी. तिसरी ही की, झोपेचे व विश्रांतीचे तास ठरलेले असावेत आणि कार्यक्रमानंतर काही महिने वैद्यकीय सल्ला निर्मात्याच्या खर्चाने मिळावा. चौथी ही की, वाक्यांची मोडतोड करून न बोललेले तोंडी घातले गेले, तर दाद मागण्याचा स्पर्धकाचा हक्क कोणत्याही कराराने हिरावला जाऊ नये. नटांच्या संघटनांनी या मागण्या उचलून धरल्या पाहिजेत. स्पर्धक हा ‘आपल्यातला’ नव्हे, असे म्हणून त्या आजवर गप्प राहिल्या असतील, तर त्यांनी आपल्या सभासदांच्या यादीवर आणि वाहिन्यांच्या पडद्यावर एकदा नजर फिरवावी.

आणि शेवटी वाचकहो, थोडे आपल्याविषयी. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे. 1960 साली ‘रंगायन’ उभी राहिली, सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकांनी दिवाळी केली. या सर्व ठिकाणी तरुण नटाला एक गोष्ट मिळत असे, जी पैशाहून मोठी होती: त्याला नट म्हणूनच पाहणारा प्रेक्षक. तो प्रेक्षक म्हणजे आपण होतो. आज एकांकिकेच्या प्रयोगाला पहिल्या चार रांगांत स्पर्धकांचेच मित्र बसलेले असतात, आणि आपण घरी बसून त्याच नटाला भांडताना पाहतो. ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. उपाशी नट ज्या दारात जाऊन उभा राहतो, त्या दाराला नावे ठेवण्याआधी आपण आपले दार किती वेळा उघडले, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. वर्षाकाठी चार प्रायोगिक नाटकांची तिकिटे काढणे मध्यमवर्गाला जड जाऊ नये.

त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याने निघताना विचारले, ‘‘सर, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केले असते?’’ ‘जाऊ नकोस’ असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्याच्या खोलीचे भाडे आम्ही भरीत नाही. आम्ही एवढेच सांगितले की, तो पेन्सिलीचा मजकूर खोडरबराने पूस, तेथे शाईने पुन्हा ‘नट’ असे लिही आणि मुदतीत कागद परत दे. त्यांनी तसा घेतला तर आनंदाने जा. नाही घेतला, तर त्यांना तू नको होतास, दुसराच कोणी हवा होता, असे समज. त्याने आमच्याच टेबलावर बसून, आमच्याच लेखणीने तो शब्द लिहिला. आम्ही हे लिहीत असताना त्यास बारा दिवस झाले आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही.